गिअर पडत नाही, दोष कुणाचा?

गाडीचा गिअर पडत नाही अशी तक्रार आली की ऐकणाऱ्याचे लक्ष साहजिकच गिअरबॉक्सकडे जाते. गिअर तिथे असतात, आवाज तिथून येतो, तेव्हा दोषही तिथेच असणार असे वाटते. परंतु जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा निष्कर्ष अनेकदा घाईचा ठरतो. गिअरबॉक्स निर्दोष असतो, आणि क्लचच्या पेडलापासून गिअरबॉक्सपर्यंत जी साखळी असते तिच्यातली एखादी कडी ढिली झालेली असते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. हा संन्यासी फासावर जाऊ नये म्हणून काय करावे, कोणती परीक्षा आधी घ्यावी आणि कोणती मागून, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

उदाहरणासाठी मी एमजीबी ही इंग्लिश स्पोर्ट्स कार घेतली आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मामांचे छोटे गॅरेज आहे. तिथे गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत अशी एक गाडी आली होती आणि तिची तपासणी मी आरंभापासून शेवटपर्यंत पाहिली.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. इंग्लंडातील ऑक्सफर्ड शहरातल्या एका गॅरेजच्या नावावरून हे नाव पडले. २०१९ पासून आपल्याकडे एमजी नावाच्या ज्या गाड्या विकल्या जातात त्यांच्याशी या जुन्या गाडीचे नाते नावापुरते आणि आठकोनी चिन्हापुरतेच आहे. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथे तयार होत असे. दोन माणसांची बैठक, उघडे छप्पर, १७९८ सी. सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन आणि पुढे जाण्याचे चार गिअर अशी तिची रचना. सर्व प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यामुळे तिचे सुटे भाग इंग्लंडात अजून बनतात आणि मिळतात.

या गाडीची एक गोष्ट मात्र मिस्त्रीला घाम फोडणारी आहे. तिचा गिअरबॉक्स खालून नुसता सोडवून काढता येत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकत्र, बॉनेटखालून वर उचलून बाहेर घ्यावे लागतात. क्लचप्लेट बदलायची म्हटली तरी इंजिन काढणे चुकत नाही. म्हणून या गाडीत निदान चुकले तर ते चांगलेच महागात पडते. दोन-चार दिवसांची मजुरी, परदेशातून मागवलेले भाग, आणि इतके करून गाडी पुन्हा जोडल्यावर तीच तक्रार कायम. गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि मिस्त्रीचा शब्द जातो.

आता गिअर पडतो म्हणजे काय होते ते पाहू. इंजिन फिरत असते आणि चाकेही फिरत असतात, पण दोघांचे वेग वेगळे असतात. या दोघांना गिअरचे दात एकमेकांत अडकवून जोडायचे असते. धावत्या एस. टी.त चढणारा माणूस आधी दाराचा दांडा धरून एस. टी.बरोबर चार पावले धावतो आणि मग पाय वर टाकतो. तो तसाच उभ्याने चढू पाहील तर आपटेल. दातांचेही तसेच आहे. दोन्हींचे वेग जुळले तर ते गुपचूप एकमेकांत बसतात, नाही तर एकमेकांवर घासून ‘कर्र’ आवाज करतात.

वेग जुळवण्यासाठी दोन सोयी असतात. पहिली क्लचची. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत होते आणि गिअरबॉक्समधला इंजिनाकडचा शाफ्ट मोकळा होतो. दुसरी सोय सिंक्रोमेशची. पितळेसारख्या धातूचे एक कडे गिअरच्या निमुळत्या भागावर दाबले जाते आणि घर्षणाने त्या मोकळ्या शाफ्टाचा वेग जुळवून घेते. ही युक्ती अमेरिकेतील कॅडिलॅक गाड्यांत १९२८ साली प्रथम आली. एमजीबीमध्ये १९६७ पर्यंत दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरलाच सिंक्रोमेश होते. त्यानंतर ते पहिल्यालाही मिळाले. रिव्हर्सला मात्र ते कधीच नव्हते. ही शेवटची बाब वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचाच फार उपयोग होणार आहे.

क्लचची साखळी अशी असते. पाय पेडल दाबतो. पेडल एका पिनेने एका दांडीला जोडलेले असते. ती दांडी मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते. तिथले तेल लोखंडी नळीतून आणि पुढे एका रबरी नळीतून गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जाते. स्लेव्हची दांडी बाहेर सरकते, क्लचचा काटा हलवते, काटा रिलीज बेअरिंगला पुढे रेटतो आणि क्लचप्लेट मोकळी होते. इतक्या कड्यांपैकी एकीतही झीज किंवा गळती झाली तर पाय जमिनीला टेकूनही क्लच पुरता सुटत नाही. मग शाफ्ट फिरतच राहतो, दात घासतात, आणि आपण म्हणतो, गिअर पडत नाही.

मामांकडे आलेली गाडी १९७१ सालची होती. मालकांची तक्रार तीन कलमी होती. रिव्हर्स टाकताना मोठा आवाज होतो. गाडी तापली आणि रस्त्यात गर्दी असली की पहिला गिअर पडता पडत नाही. आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना खरखर होते. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आले होते की सिंक्रोमेशची कडी गेली आहेत, गिअरबॉक्स खोलावा लागेल. मामांनी ऐकून घेतले आणि पाना हातात घेण्याऐवजी मला म्हणाले, “पोरी, तू बस आत. मी सांगीन तसं पेडल दाब. गाडीला आधी इचारू, मग खोलायचं का न्हाई ते बघू.”

पहिली परीक्षा पायाखालची. गाडीत जाड गालिचा घातलेला होता. पेडलाच्या मागे जाड चटई किंवा गालिचा असला तर पेडल पूर्ण खाली जात नाही आणि क्लच अर्धाच सुटतो. गालिचा काढला. फरक पडला नाही. पण या परीक्षेला पैसा लागत नाही, म्हणून ती आधी.

दुसरी परीक्षा इंजिन बंद ठेवून. क्लच दाबून एकामागून एक सगळे गिअर टाकून पाहायचे. एखादा गिअर अडला तर लगेच दोष देऊ नये. दातासमोर दात आलेला असतो, अशा वेळी गाडी वीतभर पुढे ढकलून पुन्हा टाकावा. इंजिन बंद असतानाही गिअर जड जात असतील तर दोष गिअरच्या दांडीत, आतल्या काट्यांत किंवा त्यांच्या सरकत्या दांड्यांत असतो. इथे पाचही जागा लोण्यासारख्या पडल्या. म्हणजे आतली काटे-दांड्यांची व्यवस्था ठीक होती.

तिसरी परीक्षा इंजिन चालू ठेवून, आणि तिचा साक्षीदार रिव्हर्स. गाडी सपाट जागी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच पूर्ण दाबायचा, मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि मग हळूच रिव्हर्स टाकायचा. क्लच खरोखर सुटला असेल तर तेवढ्या वेळात मोकळा झालेला शाफ्ट आपोआप थांबतो आणि रिव्हर्स निमूटपणे पडतो. क्लच सुटत नसेल तर शाफ्ट फिरतच राहतो आणि दहाऐवजी वीस आकडे मोजले तरी आवाज येतोच. पुढच्या गिअरना सिंक्रोमेश असते, ते क्लचचा थोडाफार दोष झाकून नेते. रिव्हर्सजवळ झाकायला काहीच नाही, म्हणून त्याची साक्ष खरी मानावी. मी दहा आकडे मोजले आणि रिव्हर्स टाकला. आवाज इतका मोठा झाला की शेजारच्या लेथवरचा माणूस वळून पाहू लागला.

संशय आता क्लचवर आला. पण क्लच म्हणजे तरी काय? पेडलापासून प्लेटपर्यंतच्या साखळीतली नेमकी कोणती कडी? इथून पुढच्या परीक्षा या साखळीच्या.

पेडल दोन-तीन वेळा भराभर मारून मग गिअर टाकावा. तेवढ्याने सुधारणा झाली तर तेलात हवा शिरलेली असते किंवा सिलिंडरची रबरी सील झिजलेली असते. इथे सुधारणा झाली नाही. नंतर पेडल दाबून मिनिटभर तसेच धरावे. पेडल आपोआप खाली जाऊ लागले तर तेल मास्टर सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या कडेने मागे परतत असते. इथे तेही झाले नाही. मग मामा खड्ड्यात उतरले, स्लेव्ह सिलिंडरच्या दांडीला पट्टी लावली आणि मला पेडल पूर्ण दाबायला सांगितले. या गाडीत ही दांडी साधारण अर्धा इंच, गॅरेजच्या भाषेत चार सूत, सरकली पाहिजे. ती सरकली जेमतेम अडीच सूत.

या एका मापाने सगळा प्रश्न दोन भागांत कापला गेला. दांडी पूर्ण सरकत असती आणि तरीही क्लच सुटत नसता, तर दोष आत होता असे ठरले असते: झिजलेले ग्रॅफाइटचे रिलीज बेअरिंग, चिकटलेली प्लेट, किंवा शाफ्टाचे टोक ज्यात फिरते ते क्रँकशाफ्टमधले धरून बसलेले बुश. मग इंजिन काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. दांडीच पुरती सरकत नाही म्हटल्यावर दोष बाहेरचा, हात पोचेल अशा जागेतला, हे निश्चित झाले.

मग मामांनी रबरी नळी मुठीत धरली. “दाब.” मी दाबले. “सोड. परत दाब.” तिसऱ्या खेपेस त्यांनी मला खाली बोलावले, नळी माझ्या मुठीत दिली आणि स्वतः वर जाऊन पेडल दाबले. नळी हातात फुगलेली मला स्पष्ट कळली. रबर म्हातारे होऊन मऊ पडले होते. पायाने ढकललेले तेल स्लेव्हपर्यंत जाण्याऐवजी काही प्रमाणात नळी फुगवण्यातच खर्च होत होते. गाडी तापली की रबर आणखी मऊ होई, म्हणून गर्दीत त्रास अधिक. शिवाय पेडलाजवळची पिन मधोमध झिजून तिला खाच पडली होती आणि पेडलाचे भोक लांबट झाले होते. पायाखालचा पहिला बोटभर प्रवास त्यामुळे फुकट जात होता.

पिन उद्यमनगरात लेथवर करून मिळाली, भोक भरून पुन्हा पाडले. नळी मात्र नवी मागवली. क्लच-ब्रेकच्या नळीला तात्पुरता इलाज करू नये असा मामांचा दंडक आहे. तेल बदलले, एअर काढली, पट्टी पुन्हा लावली. चार सुतांना किंचित वर. दहा आकडे मोजून रिव्हर्स टाकला, आवाज नाही. गाडी तापवून पहिला टाकला, पडला.

पण तिसरे कलम राहिलेच. तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना अजून खरखर होत होती. क्लच तर आता निर्दोष ठरला होता. मग मामांनी रस्त्यावर डबल क्लच करून पाहिला. म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिन थोडे रेस करायचे, पुन्हा क्लच दाबून दुसरा. जुने ट्रकवाले असेच गिअर उतरवत. सिंक्रोमेशने करायचे काम यात माणूस स्वतः करतो. असे केल्यावर खरखर थांबली. याचा अर्थ दुसऱ्या गिअरचे कडे खरोखरच झिजले होते.

येथे मला फार विचार करण्याजोगी गोष्ट वाटते ती ही. आधीच्या ठिकाणी जे सांगितले ते निखालस खोटे नव्हते. एक कडे झिजले होतेच. चूक एवढीच झाली की एका खऱ्या दोषावर तिन्ही तक्रारींचे खापर फोडले गेले. गिअरबॉक्स खोलून कडे बदलले असते, तरी रिव्हर्स ओरडतच राहिला असता.

एफ. वाय.ला आम्हांला तर्कशास्त्रात जॉन स्टुअर्ट मिलच्या कारणशोधाच्या रीती होत्या. मिलचा तर्कशास्त्रावरील ग्रंथ १८४३ साली प्रसिद्ध झाला. परीक्षेसाठी मी त्या पाठ केल्या होत्या. खड्ड्याच्या कडेला बसून पेडल दाबताना त्या एकेक करून माझ्यासमोर आल्या. इंजिन बंद असताना गिअर पडतो, चालू केल्यावर पडत नाही. बाकी सर्व तेच, बदल एकच. ही व्यतिरेक पद्धती. आवाज एकाच गिअरला नसून अनेकांना आहे, तेव्हा त्या सर्वांना समान असलेली गोष्ट, म्हणजे क्लच किंवा तेल, पाहावी. ही अन्वय पद्धती. उष्णता वाढते तसा त्रास वाढतो, हे सहचारी परिवर्तन. आणि क्लचमुळे होणारे सर्व वजा केल्यावर जे उरले ते दुसऱ्या गिअरच्या कड्याचे, ही अवशेष पद्धती. मामांची शाळा सातवीत सुटली. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “नावं चांगली हायती. आम्ही त्याला नुसतं बघणं म्हणतो.” आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. शिकलेल्यांची विद्या आणि हाताने काम करणाऱ्यांची विद्या या दोन वेगळ्या वस्तू आहेत असे मला आजवर वाटत असे. आता तसे वाटत नाही.

या गाडीत जे आढळले नाही पण एरवी आढळते, तेही थोडक्यात सांगते. गाडी थंड असतानाच गिअर जड जात असतील आणि तापल्यावर सुधारत असतील तर तेल पाहावे. एमजीबीच्या गिअरबॉक्सला इंजिनाचे २०डब्ल्यू-५० तेल लागते. मागच्या ॲक्सलला मात्र ९० नंबरचे जाड गिअर ऑइल. दोहोंची अदलाबदल झाली तर जाड तेलाच्या थरावरून कडी घसरतात आणि वेग जुळत नाही. पडलेला गिअर आपोआप निसटत असेल तर दांडी जागेवर धरणारी स्प्रिंग, झिजलेला काटा किंवा दातांच्या गोल झालेल्या कडा यांचा संशय घ्यावा, पण त्याआधी इंजिन-गिअरबॉक्सखालची रबरी माउंटिंग पाहावीत. पहिल्या तीन गिअरमध्ये घरघर होते आणि चौथ्यात थांबते, असे असेल तर खालच्या शाफ्टाची बेअरिंगे पाहावीत, कारण चौथा गिअर थेट असल्याने त्यात त्या शाफ्टावर भार येत नाही. क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग. गाडी चालवताना क्लचवर पाय ठेवून बसण्याच्या सवयीने ते लवकर झिजते.

मामांनी मालकांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. जे दुरुस्त झाले ते, आणि जे झाले नाही तेही. दुसऱ्याचे कडे बदलायचे तर इंजिन काढावे लागेल, त्याचा खर्च इतका. तोवर डबल क्लच केला तर गाडी चालेल. मालकांनी डबल क्लच शिकून घेणे पसंत केले. मामांना त्या दिवशी एक नळी, एक पिन आणि थोडी मजुरी एवढेच मिळाले. गिअरबॉक्स खोलला असता तर कितीतरी अधिक मिळाले असते.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी जुनी गाडी असेल, मग ती स्पोर्ट्स कार असो वा साधी, त्यांना एक विनंती. गॅरेजात जाऊन “गिअरबॉक्स खोला” असे सांगू नये. पुढील प्रश्नांची उत्तरे घरूनच पाहून जावीत. इंजिन बंद असताना गिअर पडतात का? दहा आकडे मोजल्यावर रिव्हर्स निमूट पडतो का? पेडल दोन-तीनदा मारल्याने सुधारते का? त्रास सगळ्या गिअरना आहे की एकालाच? थंड गाडीत अधिक की तापलेल्या? या परीक्षांना पाना लागत नाही आणि पैसाही लागत नाही. सपाट जागा, मोकळा रस्ता आणि पाव तासाची सवड असली की पुरे.